रिकाम्या सभांची खुर्ची

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाची एक जुनी खुर्ची आहे. साधीसुधी नव्हे बरे का, अध्यक्षाची खुर्ची! जगात लोक खुर्चीसाठी काय काय करतात, हे तुम्ही ऐकले असेलच. एकदा मिळाली की तिला चिकटून बसतात, उठता उठत नाहीत. माझ्या नशिबी मात्र उलटेच आले. माझ्यावर बसायचा हक्क शेकडो बड्या लोकांना होता, पण बसायला कोणी येईना. तरीही आज मागे वळून पाहताना माझ्या मनात तक्रार कमी आणि उपकाराची जाणीवच जास्त आहे. ती कोणाकोणाविषयी आहे, ते सांगण्यासाठीच मी आज बोलते आहे.

माझा जन्म न्यू जर्सी राज्यात, होबोकन गावी झाला. ग्रुनर नावाच्या एका जर्मन सुताराने मला घडवले. तो कामाच्या वेळी सारखा कुरकुरत असे. लाकूड ओले आहे, रंधा बोथट आहे, जमाना वाईट आहे, असे त्याचे चाललेले असे. पण त्याचे हात कधी कुरकुरले नाहीत. माझे पाय त्याने असे बसवले की इतक्या वर्षांत एकदाही मी डुगडुगले नाही. माझ्या बैठकीला त्याने तांबूस कातडे लावले आणि पितळी खिळे ठोकले. "ह्या खुर्चीवर बसणारा पडेल तो स्वतःच्या कर्मानं पडेल, माझ्या सुतारकामानं नाही," असे म्हणून त्याने मला गाडीवर चढवले. त्या कुरकुऱ्या माणसाचे माझ्यावरचे पहिले उपकार.

मी गेले जर्सी सिटीत, अमॉस टर्ह्यून यांच्या कचेरीत. ही कचेरी नदीकाठी होती. खिडकीतून होड्यांचा धक्का दिसे आणि पाण्यापलीकडे न्यूयॉर्कच्या इमारती दिसत. टर्ह्यूनसाहेब पोट सुटलेले, मिशीला मेण लावणारे, दुपारी कांदा आणि चीज घातलेला पाव खाणारे गृहस्थ होते. त्यांच्या मदतीला त्यांची भाची लव्हिनिया असे. ती उंच आणि सडपातळ होती, आणि तिची जीभ मामांच्या वस्तऱ्याहून धारदार होती.

त्यांचा धंदा ऐकाल तर तुम्हाला गंमत वाटेल. कंपनी काढायची म्हणजे आधी ती कुठल्या तरी राज्याच्या कायद्याने जन्माला घालावी लागते. पण कोणत्या राज्यात, हे मालकाच्या मर्जीवर असते. कारखाना एकीकडे, मालक दुसरीकडे आणि कागदावरचे जन्मगाव तिसरीकडेच, असे चालते. आमच्या न्यू जर्सीने एके काळी कंपन्यांना फार सोयीचे कायदे केले. जे दुसरीकडे चालत नसे, ते आमच्याकडे चाले. शुल्कही माफक होते. मग काय, पलीकडच्या न्यूयॉर्कातून बड्या बड्या कंपन्या नदी ओलांडून आमच्या कागदावर राहायला आल्या. त्यांच्या शुल्कावर आमच्या राज्याचे कर्ज फिटले, शाळा उभ्या राहिल्या, रस्ते झाले. गावातला खाटीकसुद्धा छाती फुगवून म्हणे, "सगळ्या देशाचं दुकान न्यूयॉर्कात असेल, पण घर आमच्याकडं आहे."

कायद्याच्या अटी मात्र दोन होत्या. कंपनीच्या नावाची पाटी राज्यातल्या एखाद्या कचेरीच्या दारावर लावायची, आणि भागधारकांची वार्षिक सभा राज्याच्या हद्दीत घ्यायची. टर्ह्यूनसाहेब हीच सोय पुरवत. त्यांच्या दारावर, दाराच्या बाजूला, जिन्यात, जिन्याच्या वळणावर पाट्याच पाट्या होत्या. पोलाद, साखर, आगपेट्या, बूट, बर्फ, आगगाड्या, सगळ्यांची घरे त्या एका जिन्यात होती. आणि सभांसाठी होती ती आतली खोली, एक लांब टेबल, बाजूच्या खुर्च्या आणि मधोमध मी.

पहिल्या काही वर्षांत माणसे खरोखर येत. धक्क्यावर बोट लागली की उंच टोप्या घातलेले साहेब वर येत, माझ्यावर एकजण बसे, बाकीचे हात वर करत आणि परतीची बोट गाठत. मी फार खूश असे. लव्हिनिया सभेआधी मला मेण लावून चकचकीत करी. "मामा, ह्या खुर्चीवर कोण कोण बसून गेलं, ते सांगितलं तर गावात कुणाला खरं वाटायचं नाही," असे ती म्हणे, आणि मी मनातल्या मनात फुगून जाई.

पुढे साहेब लोकांना नदी ओलांडायचाही कंटाळा आला. ते आपली मतपत्रे माणसाबरोबर धाडू लागले. मग टर्ह्यूनसाहेब माझ्यावर बसत, लव्हिनिया समोर बसे, एकजण प्रस्ताव वाचे, दुसरी हात वर करी, आणि पोलादाच्या एवढ्या मोठ्या कंपनीची सभा पाव खाता खाता उरके. काहींनी तर तेवढेही सोडले. न्यूयॉर्कातल्या खानावळीत कालवे खात सभा उरकायची आणि दुसऱ्या दिवशी "सभा जर्सी सिटीत भरली" असा कागद सहीला पाठवायचा. टर्ह्यूनसाहेब सही करत. कोणाचे नुकसान होत नव्हते, कोणी विचारत नव्हते, आणि रिवाजच पडून गेला होता. मी तेवढी रिकामी राहून ते पाहत असे, आणि मला वाईट वाटे.

त्याच सुमारास शेजारच्या छोट्याशा डेलावेअर राज्याला जाग आली. शेजारणीच्या घरी पाहुण्यांची रांग लागलेली पाहून एखादीने तीच भाजी, तीच फोडणी करून अर्ध्या दरात वाढावी, तसे त्यांनी केले. आमचाच कायदा त्यांनी जवळजवळ जसाच्या तसा उचलला, शुल्क कमी केले आणि वर एक सवलत ठेवली. भागधारकांची सभा राज्यात घ्यायची सक्तीच काढून टाकली. टर्ह्यूनसाहेबांनी ते वर्तमानपत्रात वाचले त्या दिवशी त्यांचा पाव तसाच राहिला.

"मामा, खा ना," लव्हिनिया म्हणाली.

"काय खाऊ? हे आपलं ताट ओढून नेतायत."

"आपणही कधी काळी न्यूयॉर्कचं ताट ओढलंच होतं की."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"तेव्हा ओढणारे आपण होतो," मामा म्हणाले आणि स्वतःच हसले. पण ते हसणे फार वेळ टिकले नाही.

आता मी तुम्हाला तो दिवस सांगते, ज्याच्यामुळे माझा जन्म सार्थकी लागला.

वसंत ऋतू होता. धक्क्यावरची सकाळची गर्दी ओसरली होती. जिन्यात जड बुटांचा आवाज झाला आणि दारात दोन माणसे उभी राहिली. एक होत्या साठीकडे झुकलेल्या, काळ्या झग्यातल्या बाई, हातात झाकलेली टोपली. त्यांच्यामागे एक वाकलेला म्हातारा, तोंडात देवदाराचा डिंक चघळत. बाईंचे नाव कीझाया थ्रॉल. म्हाताऱ्याचे नाव एनॉस. दोघेही दूर उत्तरेच्या व्हरमाँट राज्यातून रात्रभर आगगाडीत बसून आले होते.

"सभा इथंच ना?" बाईंनी विचारले.

"कुठली सभा?" लव्हिनियाने विचारले.

"चिमट्यांच्या कारखान्याची. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. ग्रीन ब्रूक कंपनी. आज अकरा वाजता, तुमच्या कचेरीत, असं छापून आलंय आम्हाला."

"हो, छापलंय खरं," लव्हिनिया म्हणाली आणि मामांकडे पाहू लागली.

"मग बाकीचे कुठं बसलेत?"

टर्ह्यूनसाहेबांनी हातातला पाव खाली ठेवला. "बाई, बाकीचे येत नसतात."

"उशीर होतो का त्यांना?"

"उशीर नाही. येतच नसतात."

"मग सभा कशी होते?"

"होते," टर्ह्यूनसाहेब म्हणाले.

एनॉसने डिंक या गालातून त्या गालात सरकवला. "वहिनी, मी म्हटलं नव्हतं? परमुलखातल्या सभेला आपणच दोघं येडे जाणार."

"येडे तर येडे. तिकिटाचे पैसे काय परत मिळणारेत? बस तू."

मग हळूहळू सगळी हकिकत बाहेर आली. कारखाना बाईंच्या नवऱ्याने आणि एनॉसने मिळून एका ओढ्याच्या काठी उभा केला होता. पुढे तो वाढला, कंपनी झाली, आणि न्यूयॉर्कच्या फेल्प्स नावाच्या साहेबाने ती न्यू जर्सीच्या कायद्याखाली आणून कारभार हाती घेतला. गावातल्या बहुतेक घरांकडे कंपनीचे थोडे थोडे भाग, म्हणजे शेअर, होते. दरवर्षी सभेच्या सूचनेबरोबर एक चिठ्ठी येई, "माझ्या वतीने फेल्प्स यांनी मत द्यावे." गावकरी न वाचता सही करत. चिठ्ठीला तिकीट लावलेले असे, म्हणून आणखीच आनंदाने करत. या वर्षी मात्र बाईंनी चष्मा लावून सूचना वाचली. कारखाना बंद करायचा, यंत्रे एका मोठ्या मक्तेदार कंपनीला विकायची, असा प्रस्ताव त्यात होता. तोपर्यंत बाकी गावाच्या चिठ्ठ्या जाऊन चुकल्या होत्या.

"कारखाना गेला तर आमच्या गावात राहील काय? ओढा आणि चर्च," बाई म्हणाल्या. "मला ठाऊक होतं, आम्हा दोघांच्या मतानं काही थांबायचं नाही. पण म्हटलं, त्या माणसाच्या तोंडावर 'नाही' म्हणून यावं. आणि इथं बघते तर तोंडच नाही!"

अकरा वाजून गेले. रिवाजाप्रमाणे आणखी थोडा वेळ थांबायचे असते, तेवढा वेळ सगळे थांबले. जिन्यात कोणी आले नाही. फेल्प्ससाहेब आणि त्यांच्या खिशातल्या गावभरच्या चिठ्ठ्या त्या वेळी नदीपलीकडे खानावळीत होत्या.

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "ही खुर्ची कुणाची?"

"अध्यक्षाची," लव्हिनिया म्हणाली.

"अध्यक्ष कोण असतो?"

"सभेला जे आलेत ते निवडतात."

"एनॉस, निवड."

"निवडलं," एनॉस म्हणाला.

आणि कीझाया थ्रॉल माझ्यावर बसल्या. मित्रांनो, मी किती तरी बड्या लोकांचा भार वाहिला होता. पण खुर्चीच्या काठावर नव्हे, पाठ टेकून, हक्काने आणि तरीही जरा संकोचाने, असे कोणी माझ्यावर प्रथमच बसले. माझे सगळे सांधे आनंदाने भरून आले.

लव्हिनियाने कंपनीचे नियम काढून वाचले. सभेला किमान किती भागधारक हवेत, हे लिहायचे फेल्प्ससाहेबांनी टाळले होते. कोणी येणारच नाही तर लिहा कशाला, असे त्यांना वाटले असावे. आणि जिथे लिहिलेले नाही तिथे जे आले ते पुरेसे, असा जुना कायदा होता. मग रीतसर सभा झाली. कारखाना चालू ठेवायचा, असे ठरले. नवे संचालक निवडले गेले. बाईंनी प्रस्ताव मांडायचा, एनॉसने अनुमोदन द्यायचे, दोघांनी हात वर करायचे. एकदा एनॉसने चुकून दोन्ही हात वर केले तेव्हा बाई त्याच्यावर डाफरल्या, "एकच कर! लबाडी नको आपल्याला."

सभा संपल्यावर बाईंनी टोपली उघडली. सफरचंदाचा 'पाय', म्हणजे फळांचे गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी, आणि चीजचा मोठा तुकडा निघाला. चौघांनी मिळून खाल्ले. दोघे परत गेल्यावर टर्ह्यूनसाहेब बराच वेळ मिशी ओढत उभे राहिले.

"लव्हिनिया, आत्ता इथं काय झालं गं?"

"सभा झाली, मामा."

"म्हणजे खरी?"

"अगदी खरी."

"अरे देवा," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फेल्प्ससाहेब स्वतःच आले. तरतरीत, हसतमुख माणूस. हातमोजे काढता काढता त्यांनी नेहमीचा कागद टेबलावर टाकला. कालची सभा याच खोलीत झाली, त्यात कारखाना विकायचे ठरले, असे त्यात लिहिलेले होते.

"तेवढी सही करून टाका, टर्ह्यूनसाहेब."

"कालची सभा इथं झाली खरी," टर्ह्यूनसाहेब म्हणाले.

"छान."

"पण तुमची नाही."

सगळे ऐकून घेतल्यावर फेल्प्ससाहेब आधी खदाखदा हसले. मग त्यांचे हसणे थांबले. ते माझ्या हातावर टेकून उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात बोलू लागले. "टर्ह्यूनसाहेब, तुमच्या दारावरच्या निम्म्या पाट्या ज्या वकिलांनी आणल्या, तेच माझे वकील आहेत. स्क्रू काढायला एक दुपार पुरते. डेलावेअरवाले दारात हार घेऊन उभे आहेत. तिकडं सभा पॅरिसात घ्या, बोटीवर घ्या, कोणी विचारत नाही. आम्ही इथं राहिलो ते केवळ सवयीनं. दोन खेडवळ माणसं येऊन आमची कंपनी पळवतात आणि तुम्ही बघत बसता, हे कळलं तर उद्या इथं कोण राहील? मी कोर्टात जाणार आहे. आठवडा देतो. मग कोर्टानं नेमलेला अधिकारी इथंच येऊन तुमची साक्ष घेईल. तेव्हा, सभेच्या दिवशी आम्ही इथं होतो, एवढंच म्हणा."

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. टर्ह्यूनसाहेबांचे जेवणावरचे लक्ष उडाले. मिशीला मेण लावायचे राहून जाऊ लागले. विधिमंडळातला त्यांचा एक मित्र येऊन गेला आणि म्हणाला, "अमॉस, एका चिमट्याच्या कारखान्यापायी सगळ्या राज्याच्या पोटावर पाय आणू नकोस रे बाबा." रविवारी दुपारी साहेब एकटेच कचेरीत आले आणि माझ्यावर बसून राहिले. काही वेळाने लव्हिनिया त्यांना शोधत आली.

"मामा, चर्चमध्ये का नाही आलात?"

"लव्हिनिया, आपल्या गावातली शाळा कुणाच्या पैशावर उभी आहे, ठाऊक आहे ना? कचेरीत चार माणसं पोट भरतात. तू आहेस. हे सगळं मी एका बाईच्या सफरचंदाच्या पायसाठी घालवू?"

"नका घालवू."

"मग सही करू?"

लव्हिनिया समोरच्या खुर्चीवर बसली. "मामा, इतकी वर्षं तुम्ही असल्या कागदांवर सह्या केल्यात. मी कधी काही बोलले नाही. खोलीत कुणी नसायचं, तेव्हा खोटं बोललात ते भिंतींशी बोललात. ह्या खेपेला मात्र खोलीत माणूस होतं. रात्रभर गाडीत बसून आलेलं."

टर्ह्यूनसाहेबांनी माझ्या हातावरून एकदा तळवा फिरवला आणि ते उठून घरी गेले.

साक्षीच्या दिवशी खोली कैक वर्षांनी प्रथमच माणसांनी भरली. कोर्टाचा अधिकारी, दोन्हीकडचे वकील, फेल्प्ससाहेब, आणि कोपऱ्यात टोपली मांडीवर घेऊन कीझायाबाई. साक्षीदार म्हणून टर्ह्यूनसाहेबांना माझ्यावर बसवले. अधिकाऱ्याने विचारले, "त्या दिवशी श्री. फेल्प्स आणि त्यांचे सहकारी या खोलीत हजर होते काय?"

माझ्यावर बसलेल्या माणसाचे वजन मला नीट कळते. त्या क्षणी साहेब एखाद्या पोत्यासारखे जड झाले होते. मग त्यांनी एक श्वास घेतला.

"नव्हते," ते म्हणाले. "त्या दिवशी नव्हते आणि मागच्या कैक वर्षांतही नव्हते. तरी मी सही करत आलो. ते चुकलं. ह्या बाई आल्या होत्या, त्यांच्याबरोबर एनॉस म्हणून गृहस्थ होते. सूचनेत लिहिलेल्या जागी, लिहिलेल्या वेळी ते आले आणि त्यांनी सभा घेतली."

फेल्प्ससाहेब ताडकन उठले. "तुम्ही राज्य बुडवणार!"

"एवढ्यानं बुडत असेल," टर्ह्यूनसाहेब म्हणाले, "तर ते आधीपासूनच पाण्यावर उभं होतं म्हणायचं." आणि मित्रांनो, ते एकदम हलके झाले. मला वाटले, आता हे उडून जातात की काय!

कोर्टाने बाईंची सभा खरी धरली. कारखाना वाचला. पुढच्या वर्षी गावातल्या कोणीच चिठ्ठीवर सही केली नाही. सगळे गाव रविवारचे कपडे घालून बोटीतून उतरले, तेव्हा धक्क्यावरचे लोक विचारू लागले, लग्न कुणाचे आहे म्हणून. खोलीत जागा पुरेना, माणसे जिन्यात पाट्यांना टेकून उभी राहिली. सभा झाल्यावर प्रत्येकाला एकदा अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून पाहायचे होते. एक आजीबाई तर उठायलाच तयार नव्हत्या.

पण फेल्प्ससाहेबांनी शब्द खरा केला. एका दुपारी माणसे पेचकस घेऊन आली. पोलाद गेले, साखर गेली, बर्फ गेला. दारावर नुसती भोके राहिली. काही वर्षांनी तर आमच्याच राज्याने आपले कायदे एकाएकी कडक केले, आणि उरलेसुरलेही डेलावेअरची वाट चालू लागले. गावात लोक टर्ह्यूनसाहेबांना पाहून रस्ता बदलत. खाटीक त्यांना मटणाचा वाईट तुकडा देई. साहेब तो मुकाट्याने घेत आणि घरी शिजवायला सांगत. एकदाही मी त्यांना आपल्या साक्षीचा पश्चात्ताप करताना ऐकले नाही. कचेरी बंद करायच्या दिवशी जिन्यात एकच पाटी शिल्लक होती.

"एवढ्या मोठ्या जिन्यात चिमटेच राहिले," साहेब म्हणाले.

"हो, पण ह्यांचे मालक येतात," लव्हिनिया म्हणाली.

साहेब त्यानंतर दोन हिवाळे जगले. त्यांच्या अखेरच्या आजारात लव्हिनियाने मला त्यांच्या खिडकीशी नेऊन ठेवले होते, आणि ते माझ्यावर बसून नदी पाहत. त्यांचा भार वाहायला मिळाला, हे मी माझे भाग्य समजते.

पोट भरायला लव्हिनिया शेवटी डेलावेअरलाच गेली, विल्मिंग्टन शहरात. तिथे असाच पाट्यांचा धंदा करणाऱ्या कलेन नावाच्या एजंटाला जर्सीचा अनुभव असलेले माणूस हवेच होते. तिने अट घातली, खुर्ची बरोबर येईल. कलेनसाहेब हसले. "खुर्ची कशाला? आमच्याकडं बसायला कोणी येत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.

तिथे माझे फार हाल झाले. भिंतभर पाट्या होत्या, टर्ह्यूनसाहेबांच्या जिन्यात मावल्या नसत्या इतक्या. त्यांतली कितीतरी नावे माझ्या ओळखीची होती. पण माणूस एकही नाही. टपालाचे गठ्ठे माझ्यावर टाकले जात, ओल्या छत्र्या टेकवल्या जात, कोट लटकवले जात. माझे कातडे तडकले. लव्हिनिया वेळ मिळेल तेव्हा मेण लावी, पण तिला वेळ कुठला मिळायला? आपण खुर्ची आहोत, हेच मी विसरत चालले होते. मी कलेनसाहेबांना दोष देत नाही. त्यांच्या कायद्यात माझे काही कामच नव्हते.

आणि एका सकाळी जिन्यावर काठीचा आवाज आला. दारात कीझाया थ्रॉल उभ्या होत्या. एनॉस आता राहिला नव्हता, त्याचा जावई सोबत होता. लव्हिनिया जिकडे गेली तिकडेच बाईंनी आपली कंपनीही हलवली होती. बाकीच्या कंपन्या सोयीचा कायदा शोधत राज्ये बदलत होत्या, ही एकटी एका माणसावरच्या विश्वासाने आली होती.

कलेनसाहेब लगबगीने पुढे आले. "अहो बाई, एवढ्या लांब कशाला त्रास घेतलात? आमच्या राज्यात सभेला येण्याची सक्ती नाही."

"म्हणजे यायला बंदी आहे का?"

"छे, छे. बंदी कशी असेल?"

"मग बसते," बाई म्हणाल्या.

लव्हिनियाने माझ्यावरचे गठ्ठे दोन्ही हातांनी जमिनीवर लोटून दिले.

मित्रांनो, तुमच्याही नावाने कुठे ना कुठे एखादी सभा भरते, आणि तिथे तुमच्यासाठी एक खुर्ची मांडलेली असते. "माझ्या वतीने तुम्हीच बघा," अशी चिठ्ठी आली तर ती आधी वाचा. खुर्चीला मेण लावलेत तर आनंदच आहे, नाही लावलेत तरी चालेल. आम्हाला टिकवते ते मेण नव्हे, माणसांचे बसणे. म्हणून कोणी सक्ती करायची वाट पाहू नका. जा, आणि आपल्या खुर्चीवर बसा.